तोंडाच्या बाई

अंध मुलांच्या त्या शाळेत गणिताच्या बाई होत्या, गाण्याच्या बाई होत्या, वेतकामाचे सर होते आणि तोंडाच्या बाई होत्या. दारावरच्या पाटीवर ‘वाचा-उपचार तज्ज्ञ’ असं लिहिलेलं होतं. पण ती पाटी शाळेतल्या बहुतेकांना दिसत नव्हती, आणि ज्यांना दिसत होती त्यांची जीभ ती वाचताना अडखळत होती. त्यामुळे मुलांनी ठेवलेलं नाव कायम झालं.

घरी हे नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाईंचा नवरा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. सासूबाई हसल्या नाहीत. पानावरून नजर न उचलता म्हणाल्या, “मुलांना आत्ता कळलं होय? आम्हाला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.”

आता सासूबाई नाहीत, नवराही नाही. बाईंचे गुडघे कुरकुरतात, दोन जिने चढायचे म्हणजे मध्ये एकदा टेकावं लागतं. पण संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या की ते दिवस न बोलावता येतात, आणि बाई त्यांना हाकलत नाहीत.

या विद्येकडे त्या वळल्या त्यात ध्येयबिय काही नव्हतं. मैत्रिणीला हा अभ्यासक्रम करायचा होता, आणि एकटीला कंटाळा येईल म्हणून तिनं बाईंनाही ओढलं. मैत्रीण पहिलं वर्ष संपायच्या आत लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि बाई मागे राहिल्या त्या राहिल्याच. पुढे मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथं त्यांची खोली म्हणजे भिंतभर आरसा आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या. तोतरी मुलं यायची, टाळू फाटलेली यायची, झटक्यानं वाचा गेलेले आजोबा यायचे. “आरशात बघा. माझी जीभ कुठं लागते ते बघा. आता तुमची बघा.” दिवसभर हेच. बाई कामात वाकबगार होत्या आणि त्यांना ते ठाऊकही होतं.

एक दिवस त्या खोलीत एक उंच गृहस्थ काठी टेकत आले. दारातच थांबून त्यांनी जिभेनं एकदा ‘टक्’ केलं, आवाज कसा परत येतो ते ऐकलं आणि म्हणाले, “बरीच मोठी काच दिसतेय इथं.” ते अंध शाळेचे हेडसर. स्वतः जन्मापासून न बघणारे.

“लोकांना वाटतं, आमच्या मुलांचे कान तीक्ष्ण, त्यामुळे बोलणं आपसूक येतं,” ते खुर्चीवर बसत म्हणाले. “काहींना येतं. मला बघा ना, मला तर थांबवावं लागतं. पण काही मुलं बोलतच नाहीत. काही बोलतात, पण कोणाशी आणि कशाबद्दल ते त्यांनाच ठाऊक. तुम्ही येऊन बघाल?”

बाई म्हणाल्या, आठवड्यातून दोन दुपारी जमेल. त्या दोन दुपारी वाढत वाढत नोकरीचं उरलेलं सगळं आयुष्य खाऊन बसल्या.

शाळेनं त्यांना दिलेली खोली इस्त्रीच्या खोलीला लागून होती. मधली भिंत म्हणजे नुसती फळी. पलीकडे वसतिगृहाचे कपडे इस्त्री करणारी मावशी दिवसभर गरम वाफेत उभी असायची आणि इकडचा शब्दन् शब्द ऐकायची. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीनं पर्समधून हातात धरायचा आरसा काढून टेबलावर ठेवला. समोर एक चुणचुणीत मुलगी येऊन बसली. ती ‘क’चा ‘त’ करायची. काकूला तातू, कागदाला तागद.

“माझ्याकडे बघ हं,” बाई म्हणाल्या.

“बघते ती,” मुलगी म्हणाली. “तुठून बघू?”

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पलीकडे इस्त्री थांबली. मुलगी मात्र जराही खट्टू झाली नव्हती. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि दोन्ही हात तिनं सरळ बाईंच्या चेहऱ्यावर ठेवले. “ही हनुवटी. हे ओठ. हां, आता बोला.” बाई म्हणाल्या, “काकू.” मुलीचं बोट ओठांवरून दातांवर गेलं, दातांवरून आत, आणि ‘क’ कुठून निघतो ते शोधत थेट घशापर्यंत पोचलं. बाईंना उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड त्यांनी मिटलं नाही. का मिटलं नाही, ते त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. मुलगी बोट फ्रॉकला पुसत व्हरांड्यात धावली आणि ओरडली, “ए, या नव्या बाई तोंडाच्या आहेत! हात घालू देतात!”

तिथून ते नाव.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये बाईंना उमगलं, इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं डोळ्यांसाठी होतं. आता पाटी कोरी. मग त्यांनी एकेक अक्षर नव्यानं शिकायला घेतलं, म्हणजे अंधारात कपाट लावायला घ्यावं तसं. दार लावून, डोळे मिटून त्या तासन्‌तास बसायच्या. ‘प’ म्हणताना हातावर वाऱ्याचा फटका बसतो, ‘ब’ला तो बसत नाही, पण गळा थरथरतो. ‘म’ नाकात गुणगुणतो, नाकपुडीवर बोट ठेवलं की कळतं. ‘स’ची हवा गार, ‘श’ची जरा कोमट आणि पसरट. जीभ वरच्या दातांमागे न्यायची असेल तर तिथं मधाचं बोट लावायचं, की जीभ आपली आपण शोधत जाते. मधाच्या बाटलीमुळे खोलीत मुंग्या झाल्या आणि मुलांची रांगही.

तरी तोंडाच्या आत काय चालतं हे दाखवायला काहीतरी हवंच होतं. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडून बाईंनी प्लास्टरचा एक जुना जबडा मागून आणला. नवरा छापखान्यात होता, हात कसबी. त्यानं त्याला बिजागरी बसवून दिली. जीभ इस्त्रीवाल्या मावशीनं हातमोज्यात कापूस भरून शिवली. बाई म्हणाल्या, “मावशी, कुठल्याही रंगाचा मोजा चालेल, दिसणार कोणाला?” मावशीनं हातातली सुई खाली ठेवली. “असं कसं? जीभ लालच असते.” आणि तिनं चार दुकानं पालथी घालून लाल मोजा आणला. मुलांनी त्या जबड्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. “आजोबांची जीभ मागं वळवा. हां, असा ‘ळ’.” ज्या दिवशी एका अख्ख्या बाकाला एकदम ‘ळ’ आला त्या दिवशी “बाळ, केळं, काळं, गोळा” असा घोष पार गेटपर्यंत गेला आणि शेजारच्या इमारतीतून कोणीतरी तक्रार घेऊन आलं. हेडसरांनी त्यांना बसवून चहा दिला आणि कौतुकानं तोच घोष पुन्हा एकदा ऐकवला.

शाळेची अशी मजा चाललेली असताना रेडिओ आली.

हे नावही मुलांनीच दिलेलं. पाच-सहा वर्षांची, हाडकुळी, मान खाली घालून बसणारी मुलगी. तिची आई बेकरीत कामाला होती. सोमवारी सकाळी लेकीला वसतिगृहात सोडायची, शनिवारी दुपारी न्यायला यायची, आणि बाहीवर कायम पिठाचा पांढरा पट्टा. पहिल्या भेटीत ती बाईंना म्हणाली, “सगळं बोलते हो माझी लेक. पण बोलत नाही.”

बाईंना याचा अर्थ लगेच कळला. मुलगी खुर्चीवर बसल्या बसल्या बातम्या सांगू लागली, अगदी निवेदकाच्या घोगऱ्या आवाजात. मग कंडक्टर झाली. मग साबणाची जाहिरात. मग तिच्या आत्याचा खोकला, त्यामागून “अगं बाई, दार लाव.” हुबेहूब. आणि तिला काहीही विचारलं की तेच परत. “नाव काय तुझं?” “नाव काय तुझं?” भूक लागली की म्हणायची, “तुला खायचंय?” तहान लागली की, “तुला पाणी हवंय?” तिच्या त्या ‘तुला’चा अर्थ ‘मला’, हे फक्त तिच्या आईला ठाऊक. वसतिगृहातल्या मुली मात्र प्रामाणिकपणे “नको” म्हणायच्या आणि ती तहानलेली तशीच राहायची.

बाईंनी आईला समजावलं, “हे बघा, तिचं काही चुकलेलं नाही. जगात जो तो तिला ‘तू’ म्हणतो. तेव्हा तिच्या हिशेबानं तिचं नाव ‘तू’. आणि ‘मी’ तर सगळेच. तुम्ही मी, तिचे बाबा मी, आत्या मी. बघणारं मूल बघतं की बोलणाऱ्यानं छातीवर हात ठेवला, बोट दुसरीकडे केलं. हिनं ते कुठून बघावं?”

“मग येईल ना?” आईनं विचारलं.

बाई लोकांना पोकळ आशा दाखवत नसत. “प्रयत्न करू,” म्हणाल्या.

पहिले काही महिने नुसते पाण्यात गेले. मुलीचा हात तिच्याच छातीवर ठेवून ‘मी’ म्हणायचं, तिनं ‘मी’ म्हणायचं, छाती थरथरते ते जाणवून द्यायचं. तसं ती म्हणायचीही. पण ते साबणाच्या जाहिरातीसारखंच, उसनं. एक घंटी हातात द्यायची, ज्याच्या हातात घंटी त्यानं ‘मी वाजवतो’ म्हणायचं. ती वाजवायची आणि म्हणायची, “शाब्बास! तू वाजवतेस.” बाई म्हणायच्या, “घाई नाही. परत. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?” आणि ती लगेच बाईंच्याच आवाजात म्हणायची, “घाई नाही. परत. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?” पलीकडे मावशी तोंडाला हात लावून हसायची.

शेवटी बाईंनी एक नाटक मांडलं. शाळेतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, की ही जे म्हणेल त्याचा सरळ अर्थ घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मुलीचा घसा कोरडा पडला. टेबलावर तांब्या-भांडं होतं.

“तुला पाणी हवंय?” मुलगी म्हणाली.

“हो, मला हवंय,” बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं घटघट आवाज करत भांडंभर पाणी प्यायल्या. “वा! गार गार!”

मुलगी चमकली. तिनं मान उचलली, तीही पहिल्यांदाच.

“तुला पाणी हवंय?” आता जरा चढ्या सुरात.

“हो तर! किती काळजी माझी!” बाईंनी आणखी अर्धं भांडं संपवलं. मग तिचा हात धरून छातीवर ठेवला, हळूच सांगितलं, “मला हवंय,” आणि वाट बघितली. मुलगी नुसती तांब्याकडे हात चाचपत राहिली. मग बाईंनी तिला पाणी दिलं. तहानलेल्या लेकराला अडवून धरायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

असं रोज चाललं. बाईंचं पोट पाण्यानं टम्म फुगायचं. सासूबाई विचारायच्या, “शाळेत जेवण देतात का तुला? घरी आल्यावर घास खात नाहीस!” नवऱ्याला खरं कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “नशीब, तिला पाण्याचीच आवड आहे. एरंडेल मागत असती म्हणजे?”

आणि मग एका दुपारी, काही विशेष नसताना, मुलगी म्हणाली, “तुला पाणी हवंय?” बाईंनी भांडं उचललं, घटकन एक घोट घेतला, आणि मुलगी खुर्चीवरून उठून ओरडली, “तू नको! तू सारखी पितेस! मला! मला हवंय!”

आवाज निवेदकाचा नव्हता, आत्याचा नव्हता, बाईंचाही नव्हता. जरासा चिरका, रागानं कापणारा, कोणी कधीच न ऐकलेला आवाज होता. फळीपलीकडे इस्त्री टेबलावर तशीच राहिली आणि कोणाचीतरी चादर जळल्याचा वास आला. बाईंनी भांडं पुढे केलं. मुलगी प्यायली, उरलेलं फ्रॉकवर सांडलं, आणि धापा टाकत म्हणाली, “अजून.”

शनिवारी आई न्यायला आली. पायरीवर तिच्या चपलांचा आवाज आला आणि मुलगी आतून पळत गेली. “आई, मी इथं आहे. मला भूक लागलीये.” आई उत्तर द्यायच्या आधी मटकन पायरीवरच बसली. तिनं लेकीला कुशीत ओढलं, पीठ लेकीच्या केसांना लागलं. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, पण पुढे गेल्या नाहीत. तिथं आपलं काही काम नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल त्यांना होती. त्या परत खोलीत गेल्या आणि मावशीबरोबर जळकी चादर कुठं लपवायची याचा विचार करू लागल्या.

पुढची वर्षं भरधाव गेली. रेडिओ बोलू लागली ती अशी की तास चालू असताना तिला गप्प करायला मॉनिटर नेमावा लागला. नक्कल तिनं सोडली नाही, पण आता ती मुद्दाम करायची, लोकांना हसवायला. बाकीची मुलंही अशीच येत गेली, शिकत गेली. समोरचा माणूस उठून गेला तरी बोलत राहणारी मुलं. त्यांना शिकवायचं, की मध्ये मध्ये ‘हो ना?’ म्हणून हुंकार मागा. पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात गुपितं सांगणारा एक मुलगा. भिंतीकडे तोंड करून गोड बोलणारी एक मुलगी. “आवाजाकडे तोंड फिरव, राणी. भिंतीला उत्तर देता येत नाही.” बाई घसा बसेपर्यंत सांगायच्या.

मग एका सकाळी चहाचा पहिला घोट बाईंच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली गळला. त्यांना वाटलं, कप फुटका आहे. दुसरा कप घेतला. तोही गळला. नवरा पेपरमधून वर बघत म्हणाला, “काय गं, हसतेस कशाला अशी?” आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डावा गाल खाली ओघळला होता, डावा डोळा मिटत नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे. झटका नाही, घाबरू नका. बहुतेकांचं बरं होतं, पण महिने लागतात. सासूबाई एरवी सुनेची चेष्टा करायची एकही संधी सोडत नसत. त्या मात्र आठवडाभर एक अक्षर वाकडं बोलल्या नाहीत. त्यानंच बाईंना जास्त भीती वाटली.

रस्त्यावर ओळखीची माणसं नजर चुकवू लागली. दूधवाला बाई समोर उभ्या असताना नवऱ्याला विचारायचा, “आज किती देऊ?” पण ते एक वेळ सोसलं असतं. बाईंना ‘प’ येत नव्हता. ओठ मिटतच नव्हते, ‘प’ म्हणायला जावं तर हवा कोपऱ्यातून निसटून ‘फ’ व्हायचा. इतरांना शिकवलेले सगळे व्यायाम त्यांना पाठ होते आणि त्यातला एकही करावासा वाटत नव्हता. आरसा तर त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

हेडसरांचा फोन आला. “मुलं विचारतात. मी काय सांगू?”

“सांगा, बाईंचं हत्यार मोडलं,” बाई फुसफुसत्या शब्दांत म्हणाल्या. “तोंड शिकवायचं तेच तोंड धड नाही. मी खोलीच्या किल्ल्या आणून देते.”

“आणा,” हेडसर म्हणाले. “पण दुपारी आणा. मी सकाळी नसतो.”

ते सकाळी असायचेच. पण दुपारी मुलांचे तास सुटलेले असत.

बाई व्हरांड्यात पाऊल टाकतात तोच चपला ओळखून मुलं धावत आली. बाईंनी चेहरा मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या हातांची भीती वाटली. बाकीची मुलं त्या मागे सरकल्याचं जाणवून थबकली. पण रेडिओ, आता तेरा-चौदा वर्षांची, उंच झालेली, पुढे आली.

“बाई, मी बघू?”

बाई या वेळी मागे सरकल्या नाहीत. तिनं दोन्ही हात उचलले आणि हलकेच त्यांच्या गालांवर ठेवले. उजवा गाल, डावा गाल. ओठांचे कोपरे. बराच वेळ.

“डावी बाजू झोपलीये,” ती इतरांना म्हणाली, अगदी हवा ढगाळ आहे म्हणावं तसं. मग बाईंना म्हणाली, “बसा. ‘प’ म्हणा.”

“येत नाही गं,” बाई म्हणाल्या. “नको.”

तेव्हा रेडिओनं बोट बाईंच्या ओठांच्या ढिल्या कोपऱ्यावर टेकवलं, तो कोपरा मिटून धरला, आणि बोलली. पण ती बोलली ती बाईंच्या आवाजात. आजच्या नव्हे, आधीच्या. स्वच्छ, खणखणीत, जरासा नाकातून येणारा तो आवाज. “ओठ मिट. हवा अडव. आता सोड. प! घाई नाही. परत. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?”

बाईंनी स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. आपण इतक्या मायेनं बोलत होतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्यांनी ओठ मिटले. जिथं त्यांची नस कमी पडली तिथं मुलीचं बोट होतं. “प,” त्या म्हणाल्या. कच्चा, पण ‘प’च.

“बाई, ओलं लागतंय,” रेडिओ हळूच म्हणाली.

“डोळा मिटत नाही ना. त्यातून पाणी गळतं.”

“दोन्ही बाजूंनी येतंय,” रेडिओ म्हणाली.

त्या दिवशी किल्ल्या पर्समध्येच राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं बाईंचा तास घेऊ लागली. ती शिकवायची, बाई शिकायच्या. ‘प’ला एक, ‘ब’ला दुसरा, गाल फुगवायला तिसरा अशा त्यांनी वाटण्या करून घेतल्या होत्या आणि कोणी कोणाच्या अक्षरात नाक खुपसलं की भांडणं व्हायची. त्यांना दया नावाची वस्तू माहीत नव्हती. “बाई, आळस करताय. कालच्यापेक्षा वाईट.” मावशी फडक्याची घडी इस्त्रीवर ऊन करून आणून द्यायची आणि गालाशी धरायची. मधाचं बोट आता बाईंच्या ओठाला लागायचं.

सूज उतरत गेली तसा गाल जागा झाला. आधी कोपरा हलला, मग डोळा मिटू लागला. ज्या दिवशी बाई घरी येऊन “पापड, पोपट, पुस्तक” असं सलग म्हणाल्या त्या दिवशी सासूबाईंनी देवघर गाठलं, हात जोडले, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “झालं! पुन्हा सुरू झाली!” हसताना मात्र चेहरा जरासा तिरका व्हायचा, तो आजही होतो. हेडसरांना विचारलं तर ते म्हणायचे, “मला तर काही फरक दिसला नाही.”

त्यानंतरही बाई बरीच वर्षं शिकवत राहिल्या. पण का कोण जाणे, त्यांना आठवतं ते जास्त त्याच्या आधीचं आणि त्या दुपारचं. रेडिओ पुढे शिकली, आता कोर्टात ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करते. रविवारी तिचा फोन येतो. साहेब कसे बोलतात, वकील कसे खाकरतात, सगळं नकलेसकट सांगते. मध्येच तिचा नवरा ओरडतो, “अगं, बाईंना बोलू दे जरा!” बाई म्हणतात, “राहू दे, मी ऐकतेय.” फोन कधी तासाच्या आत संपत नाही. मावशी गेल्याचंही तिनंच कळवलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, हार झाले. सगळे चहाला गेले तेव्हा बाई एकट्याच व्हरांड्यात मागे रेंगाळल्या. त्या व्हरांड्याच्या भिंतीवर, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, एक काळपट गुळगुळीत पट्टा होता. मुलं भिंतीला हात लावून चालायची, वर्षानुवर्षं, त्यांच्या हातांनी तो पडलेला. रंगारी दर वेळी त्यावर रंग द्यायचे आणि काही महिन्यांत तो पुन्हा वर यायचा. बाईंनी इतकी वर्षं तो नुसता पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, वाकून हात त्या पट्ट्यावर ठेवला आणि चालू लागल्या. भिंत गार होती, साबणाच्या वडीसारखी मऊ झालेली. इस्त्रीच्या खोलीपाशी ऊब लागली. वाद्यांच्या खोलीपाशी धुळीचा वास आला. पुढे कोणाचं तरी हसणं, ताटल्यांचा आवाज, आणि मग बाईंचा पाय आग विझवायच्या बादलीत गेला. अर्धी वाळू बाहेर.

“कोण आहे ते?” वळणावरून एका लहान मुलीनं विचारलं. “नवीन आहे का? ए, तिथं बादली असते. डावीकडून ये.”

“आले गं,” बाई म्हणाल्या, आणि डोळे न उघडता डावीकडून गेल्या.